आनंदाची बेगमी: सकारात्मक भावना आणि स्वास्थ्य यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मानसशास्त्र शिकवते. वर्गात, पालकसभेत, ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावर बोलणं झालं की चहाच्या वेळी प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

सुख, आनंद, समाधान, मजा हे सगळं एकच ना?

नाही, आणि घोळ बहुतेक इथेच सुरू होतो. भुकेल्या पोटी गरम वरणभात मिळाला की बरं वाटतं, ते शरीराचं सुख. ‘एकंदरीत आयुष्य बरं गेलं’ हा आपण काढलेला निष्कर्ष आहे. भावना या दोन्हींहून वेगळी. काहीतरी घडतं, त्याचा अर्थ आपल्याला लागतो आणि मनात व शरीरात एक लाट उठते. ती थोड्या वेळात ओसरतेही.

बार्बरा फ्रेड्रिक्सन या अमेरिकी संशोधिकेने अशा दहा भावनांवर भर दिला आहे: आनंद, कृतज्ञता, शांतता, कुतूहल, आशा, अभिमान, गंमत, प्रेरणा, विस्मय आणि प्रेम. यादीत कुतूहल पाहून लोकांना नवल वाटतं. पण घड्याळ उघडून बसलेल्या मुलाचा चेहरा आठवून पाहा.

एड डीनर यांनी १९८४ मध्ये ‘व्यक्तीला स्वतःला जाणवणारं स्वास्थ्य’ या कल्पनेची मांडणी केली. तिचे तीन धागे: आयुष्याबद्दलचं समाधान, सुखद भावनांचा अनुभव आणि दुःखद भावनांचं कमी असणं. डीनर आणि सहकाऱ्यांना पुढे असंही आढळलं की आनंद किती जोराचा आहे यापेक्षा तो किती वेळा येतो याला जास्त महत्त्व आहे. वर्षातून एकदा आभाळ ठेंगणं होण्यापेक्षा रोजचं थोडं थोडं बरं वाटणं जास्त कामाचं ठरतं.

मानसशास्त्र नेहमी भीती, राग, नैराश्य यांवरच का बोलायचं?

एक कारण साधं आहे. माणसं मदत मागायला येतात ती दुःखात असताना, त्यामुळे अभ्यासाचा पैसा आणि वेळ तिकडेच गेला. दुसरं कारण सिद्धान्ताचं. भीती वाटली की पळायचं, राग आला की भिडायचं, किळस आली की थुंकायचं. प्रत्येक भावनेमागे एक कृती, आणि ती कृती जीव वाचवते, म्हणून भावना टिकली. हे स्पष्टीकरण आनंदापाशी येऊन अडायचं. आनंद झाला की माणूस नेमकं काय करतो? नाचतो, गातो, कुणाला तरी फोन लावतो, कधी नुसता बसून राहतो. यातून जीव कुठे वाचतो?

१९९८ मध्ये मार्टिन सेलिग्मन अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि ‘सकारात्मक मानसशास्त्र’ हे नाव सगळीकडे गेलं. पण सुखद भावनांवरचे ॲलिस आयसन यांचे प्रयोग १९७० च्या दशकापासूनच चालू होते. त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं, म्हणून मी ते वर्गात मुद्दाम घेते.

मग आनंदाचा उपयोग काय, याचं उत्तर मिळालं का?

फ्रेड्रिक्सन यांनी १९९८ च्या एका लेखात ते सुचवलं आणि २००१ मध्ये विस्ताराने मांडलं. त्या सिद्धान्ताला ‘ब्रॉडन अँड बिल्ड’ म्हणतात. आपण त्याला ‘विस्तार आणि उभारणी’ म्हणू. मी मात्र वर्गात दुसराच शब्द वापरते: बेगमी.

भीती माणसाचं लक्ष एका बिंदूवर आणते. समोर नाग आहे, बाकी सगळं नंतर. आनंद आणि कुतूहल याच्या उलट करतात. नजर आजूबाजूला फिरते, नवं करून पाहावंसं वाटतं, अनोळखी माणसाशी बोलावंसं वाटतं. हा झाला विस्तार. तो काही मिनिटांत संपतो, पण त्या मिनिटांत जे झालं ते मागे उरतं. खेळता खेळता मूल झाडावर चढायला शिकलं, गप्पा मारता मारता शेजारीण मैत्रीण झाली, सहज चाळलेल्या पुस्तकातून एक कौशल्य हाती लागलं. ही उभारणी. अडीनडीला हीच माणसं आणि हीच कौशल्यं कामाला येतात.

मे महिन्याच्या उन्हात कुरडया, पापड, सांडगे घातले जातात. तेव्हा घरात कुणी उपाशी नसतं. पण आषाढात भाजी मिळेनाशी झाली की फडताळातला डबा उघडतो. भीतीचा फायदा त्याच क्षणी दिसतो, आनंदाचा फायदा दोन महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी. म्हणूनच तो शास्त्रज्ञांच्या नजरेतून इतकी वर्षं निसटला.

आपण आनंदाकडे कष्टानंतरचं बक्षीस म्हणून बघतो. आधी परीक्षा, मग खेळ. आधी कर्ज फिटू दे, मग सहल. या संशोधनाने माझ्यापुरता हा क्रम मोडला. आनंद हा कष्टांच्या आधीचा आणि मधलासुद्धा भाग आहे.

हे प्रयोगात दिसतं, की नुसता सिद्धान्त आहे?

आयसन आणि सहकाऱ्यांचा १९८७ चा प्रयोग घ्या. टेबलावर मेणबत्ती, टाचण्यांनी भरलेली खोकी आणि काडेपेटी. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की मेण खाली सांडणार नाही. युक्ती अशी की टाचण्या बाहेर काढायच्या, रिकामी खोकी भिंतीला ठोकायची आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करायची. पण खोकी ही ‘टाचण्या ठेवायची वस्तू’ म्हणूनच डोक्यात बसलेली असते. आधी पाच मिनिटं विनोदी चित्रफीत पाहिलेल्यांना ही युक्ती इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा सुचली.

१९९७ मध्ये आयसन यांच्या गटाने डॉक्टरांवर असाच प्रयोग केला. काहींना गोळ्या-चॉकलेटची छोटी पुडी दिली आणि मग एका रुग्णाची माहिती पुढे ठेवून निदान करायला सांगितलं. पुडी मिळालेल्या डॉक्टरांनी यकृताच्या आजाराची शक्यता लवकर विचारात घेतली आणि पहिल्या अंदाजाला ते कमी चिकटून राहिले. खाऊची पुडी नुसती हातात पडल्याने!

फ्रेड्रिक्सन आणि क्रिस्टीन ब्रॅनिगन यांनी २००५ मध्ये वेगवेगळ्या भावना जागवणाऱ्या चित्रफिती दाखवून लोकांना ‘आत्ता मला काय करावंसं वाटतं’ याचे वीस रिकामे रकाने भरायला दिले. गंमत किंवा समाधान वाटलेल्यांनी जास्त रकाने भरले, राग आणि चिंता वाटलेल्यांनी कमी. असे प्रयोग छोटे असतात आणि प्रयोगशाळेतला परिणाम बाहेर तेवढाच टिकतो असं नाही, हे ध्यानात ठेवावं. पण वेगवेगळ्या वाटांनी आलेले निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात.

ताण आला असताना चांगल्या भावनांचा काय उपयोग? तेव्हा त्या येतातच कुठे?

मला सर्वांत आवडणारा प्रयोग याच प्रश्नावरचा आहे. विद्यार्थ्यांना सांगितलं, एका मिनिटात भाषण तयार करा, चित्रीकरण होईल आणि तुमच्याच वयाची मुलं त्याला गुण देतील. छाती धडधडू लागली, रक्तदाब वाढला. मग अचानक भाषण रद्द झाल्यासारखं करून पडद्यावर चित्रफीत सुरू झाली. कुणाला समुद्राच्या लाटा दिसल्या, कुणाला खेळणारं कुत्र्याचं पिल्लू, कुणाला नुसत्या रंगीत काठ्या, कुणाला रडणारा मुलगा. संशोधक एकच गोष्ट मोजत होते: हृदय आणि रक्तवाहिन्या पूर्वपदावर यायला किती वेळ लागतो?

लाटा आणि पिल्लू पाहणारे सर्वांत लवकर सावरले. रडणारा मुलगा पाहणाऱ्यांना सर्वांत उशीर लागला. हे काम २००० मध्ये प्रसिद्ध झालं. यात धडधड सर्वांनाच झाली होती, हे महत्त्वाचं. आनंदाने ताण अडवला नाही, ताणाने शरीरावर टाकलेला भार लवकर उतरवला. भांडण झाल्यावर अंगणात जाऊन जास्वंदीला पाणी घालणारी आजी हेच करत असते. तिला कुणी ‘प्रश्नापासून पळते’ म्हटलं तर मला वाईट वाटतं. ती परत आत येते तेव्हा बोलण्याच्या स्थितीत असते.

आनंदी माणसं जास्त जगतात हे खरं का?

याला दोन मोठे अभ्यास शेजारी ठेवून उत्तर द्यावं लागतं.

पहिला अमेरिकेतल्या ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या कॅथलिक संघातल्या जोगिणींचा. १९३० च्या सुमारास तरुण जोगिणींना स्वतःबद्दल छोटं आत्मकथन लिहायला सांगितलं होतं. तेव्हा त्यांचं सरासरी वय २२ होतं. ते कागद मठाच्या दप्तरात पडून राहिले. साठ वर्षांनी डेबोरा डॅनर, डेव्हिड स्नोडन आणि वॉलेस फ्रीझन यांनी त्यातली १८० आत्मकथनं घेतली आणि प्रत्येकीत सकारात्मक भावनेचे किती शब्द, किती वाक्यं आहेत ते मोजलं. काहींनी फक्त जन्मतारीख, शाळा, व्रताची तारीख असं लिहिलं होतं, काहींच्या लिखाणात उत्साह ओसंडत होता. अशी वाक्यं सर्वांत कमी लिहिणाऱ्या चौथाई गटाचा उतारवयातला मृत्यूचा धोका सर्वांत जास्त लिहिणाऱ्या चौथाई गटाच्या अडीच पट निघाला.

हा अभ्यास भक्कम वाटतो तो जोगिणींच्या आयुष्यामुळे. एकच स्वयंपाकघर, सारखंच काम, सारखेच औषधोपचार. लग्न नाही, बाळंतपण नाही, तंबाखू-दारू नाही. माणसामाणसांत फरक पाडणारी बरीच कारणं इथे आपोआप गळून पडली होती.

दुसरा अभ्यास ब्रिटनमधला, २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेला. सुमारे ७ लाख २० हजार मध्यमवयीन स्त्रियांना ‘तुम्हाला किती वेळा आनंदी वाटतं’ असं विचारलं होतं आणि पुढे सुमारे दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दुःखी स्त्रियांमध्ये मृत्यू जास्त दिसले. पण आधीपासूनचा आजार, धूम्रपान वगैरे गोष्टी हिशेबात धरल्यावर तो फरक नाहीसा झाला. म्हणजे निदान या अभ्यासात, आजारामुळे माणूस दुःखी होतं, दुःखामुळे मरत नाही.

दोन्ही अभ्यास खरे आहेत. मोजायची पद्धत वेगळी, माणसं वेगळी. एकीकडे तरुणपणी मोकळेपणाने लिहिलेला मजकूर, दुसरीकडे साठीच्या आसपास एकाच प्रश्नाला दिलेलं उत्तर. माझं मत विचाराल तर सकारात्मक भावनांचा प्रकृतीशी संबंध आहे, पण ‘आनंदी राहा, दहा वर्षं जास्त जगा’ असं सांगणाऱ्याला थांबवावं. कर्करोगाच्या रुग्णाला ‘तू सकारात्मक राहिला असतास तर’ असं म्हणणं तर क्रूरपणाच आहे.

सर्दीबद्दल काहीतरी प्रयोग होता ना?

होता. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले शेल्डन कोहेन यांनी ३३४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना वेगळं ठेवलं. त्याआधी काही आठवडे त्यांच्या भावना टिपून ठेवल्या होत्या. ज्यांच्या नोंदींत सुखद भावना जास्त होत्या त्यांना सर्दी कमी प्रमाणात झाली. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. इथे विषाणू सर्वांना मोजून दिला होता, त्यामुळे ‘आनंदी माणसं गर्दीत कमी गेली असतील’ ही शंका उरत नाही.

एका नकारात्मक भावनेला तीन सकारात्मक भावना हव्यात, असं आमच्या कंपनीच्या प्रशिक्षणात शिकवलं. बरोबर आहे का?

नाही, आणि हे प्रशिक्षण देणाऱ्यांपर्यंत पोचायला हवं. २००५ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि मार्सिअल लोसादा यांनी एक लेख लिहिला. द्रवांच्या गतीसाठी वापरली जाणारी समीकरणं भावनांना लावून त्यांनी आकडा काढला: २.९०१३. या प्रमाणाच्या वर माणसं बहरतात, खाली कोमेजतात, असा दावा होता. चार दशांश स्थळांपर्यंत मोजलेला माणसाच्या मनाचा उंबरठा! आकडा सुटसुटीत करून ‘तीनास एक’ झाला आणि जगभर फिरला.

निक ब्राउन नावाच्या, नोकरीतून वेळ काढून लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला ते गणित खटकलं. त्याने भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांना सोबत घेतलं. त्या समीकरणांचा इथे काहीही आधार नाही, असं तिघांनी २०१३ मध्ये त्याच नियतकालिकात दाखवून दिलं. फ्रेड्रिक्सन यांनी गणिती भाग सोडून दिला आणि लेखाचा तेवढा भाग औपचारिकपणे मागे घेतला गेला. दुःखद भावनांच्या तुलनेत सुखद भावना जास्त असणं साधारणपणे चांगलं, एका मर्यादेपर्यंत, एवढंच म्हणता येतं.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आवडत्या कल्पनेचं गणित तपासणारा एक विद्यार्थी आणि आपली चूक कबूल करून ती दुरुस्ती छापणारं नियतकालिक, यांच्यामुळेच उरलेल्या संशोधनावर माझा विश्वास बसतो.

म्हणजे नेहमी सकारात्मक राहायचं, एवढंच ना?

अजिबात नाही. रागाने अन्याय दिसतो, भीतीने गाडी सावकाश चालवली जाते, दुःख आपल्याला काय प्रिय होतं ते सांगतं. आनंदाचा पाठलाग उलटाही फिरतो. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये काहींना आनंदी असणं किती महत्त्वाचं आहे यावरचा मजकूर वाचायला दिला आणि मग आनंदी चित्रफीत दाखवली. ज्यांनी तो मजकूर वाचला होता त्यांना ती पाहून कमी आनंद झाला. ‘मला आनंद होतोय का?’ असं स्वतःलाच विचारत बसलं की झोपेसारखं होतं, जितकी बोलवावी तितकी दूर जाते.

आरशासमोर उभं राहून ‘मी प्रेमास पात्र आहे’ असं घोकायचा सल्लाही जपून द्यावा. जोअन वुड यांच्या २००९ च्या प्रयोगात स्वतःबद्दल आधीच चांगलं मत असलेल्यांना अशा वाक्याने थोडं बरं वाटलं. ज्यांना खरी गरज होती, त्यांना मात्र आणखी वाईट वाटलं.

हास्यक्लबात खोटं खोटं हसून फायदा होतो का?

हास्यक्लब ही मुंबईचीच देणगी. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये अंधेरीच्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरुवात केली, आज तो अनेक देशांत पोचला आहे.

चेहऱ्यावर हसू आणल्याने मन बदलतं का, यावर मोठा वाद झाला. १९८८ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दातांत पेन धरून, म्हणजे नकळत हसरा चेहरा करून, व्यंगचित्रं पाहणाऱ्यांना ती जास्त गमतीची वाटली. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो प्रयोग पुन्हा केला आणि परिणाम मिळाला नाही. मग दोन्ही बाजूंच्या संशोधकांनी एकत्र येऊन १९ देशांतल्या ३,८७८ जणांवर नवा अभ्यास केला, तो २०२२ मध्ये आला. मुद्दाम हसरा चेहरा केल्याने थोडं बरं वाटतं, असं त्यात दिसलं. पेनचं मात्र नक्की काही ठरलं नाही.

शिवाय रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की लोकांबरोबर खळखळून हसल्यावर वेदना सोसायची ताकद वाढते. माझ्या मते सकाळच्या हास्यक्लबाचं खरं औषध हसण्यापेक्षा ‘काल का आला नाहीत?’ असं विचारणारी वीस माणसं हे आहे. सत्तरीच्या माणसाला असं विचारणारे वीस जण आणखी कुठे मिळतात?

माझा नवरा शांत आहे, उत्साहाने कधी उड्या मारत नाही. तो आनंदी नाही का?

तुमच्या नवऱ्यावर संशोधनाने थोडा अन्याय केला आहे खरा. भावना मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘पॅनास’ नावाची प्रश्नावली १९८८ मध्ये तयार झाली. तिच्यातले दहा सकारात्मक शब्द बघा: उत्साही, सतर्क, सक्रिय, निश्चयी, अभिमानी असेच. शांत, तृप्त, समाधानी यांपैकी एकही शब्द नाही. दुपारी ओसरीवर सुपारी कातरत बसलेला तृप्त माणूस या प्रश्नावलीत जवळपास नापास होईल.

जीन त्साई यांनी ही बाजू पुढे आणली. युरोपीय वंशाच्या अमेरिकनांना आदर्श वाटणारा आनंद उसळता असतो, हाँगकाँगमधल्या चिनी लोकांना निवांतपणा त्यांच्यापेक्षा जास्त हवासा वाटतो. कुठली भावना वाटते आणि कुठली वाटावीशी वाटते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमचा नवरा निवांत असेल तर त्याला तसाच राहू द्या.

‘फार हसू नये, नंतर रडावं लागतं’ असं आई म्हणायची. यात काही तथ्य आहे?

माझीही म्हणायची. आनंदाची ही धास्ती फक्त आपली नाही. मोहसेन जोशनलू आणि डॅन वाइजर्स यांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या संस्कृतींमधल्या आनंदाच्या भीतीचा आढावा घेतला. आनंदापाठोपाठ संकट येतं, आनंद दाखवला की दृष्ट लागते, आनंदी माणूस उथळ किंवा स्वार्थी होतो, ही कारणं ठिकठिकाणी सापडतात.

या समजुतीमागे माया असते, पडलास तर लागू नये म्हणून आधीच धरून ठेवण्याची. पण तिची किंमतही मोजावी लागते, आणि ती शेली गेबल यांच्या कामातून कळते. आपण चांगल्या बातमीला कशी दाद देतो, हे त्यांनी तपासलं. समजा मुलगी सांगत आली, ‘आई, माझी निवड झाली!’ यावर चार तऱ्हांची उत्तरं येऊ शकतात. ‘अरे वा, कधी कळलं? बस इथे, पहिल्यापासून सांग.’ किंवा भाजी चिरता चिरता, मान वर न करता ‘छान’. किंवा ‘पण पगार किती? आणि एवढ्या लांब राहणार कुठे?’ किंवा सरळ ‘बरं, दूध आणलंस का?’ नात्याला पुष्टी मिळते ती फक्त पहिल्या उत्तराने. बातमी सांगून मनापासून दाद मिळाली की मूळ घटनेच्या आनंदात आणखी भर पडते. २००६ च्या अभ्यासात तर जोडप्यांमध्ये वाईट बातमीच्या वेळी दिलेल्या आधारापेक्षा चांगल्या बातमीला दिलेली दाद नात्याच्या प्रकृतीबद्दल जास्त सांगून गेली.

दहावीचा निकाल घेऊन मी घरी आले तेव्हा ‘हुरळून जाऊ नकोस’ हे पहिलं वाक्य होतं. त्या दिवशी आईने रात्री शिरा केला. तिचा आनंद त्या शिऱ्यात होता, हे मला फार उशिरा कळलं. मुलांनी ते ओळखावं अशी अपेक्षा करण्यापेक्षा तोंडाने सांगणं सोपं. पगाराची चौकशी उद्या करता येते.

पोटाची भ्रांत असलेल्यांना हे सगळं सांगण्यात काय अर्थ?

रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी कोलकात्यात झोपडपट्टीत राहणारे, फुटपाथवर राहणारे आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया अशा ८३ जणांच्या मुलाखती घेतल्या. तो अभ्यास २००१ मध्ये आला. एकूण आयुष्याबद्दलचं त्यांचं समाधान मध्याच्या थोडं खालीच होतं. पण कुटुंब, मित्र आणि स्वतःची नीतिमत्ता याबद्दल विचारल्यावर उत्तरं समाधानाची होती. पुढे त्यांनी अमेरिकेतल्या बेघरांशी तुलना केली, तेव्हा कोलकात्यातली माणसं जास्त समाधानी निघाली. तिथे नाती शाबूत होती.

याचा अर्थ गरिबी चालेल असा कुणी लावू नये. पैसा लागतोच. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात बहुतेकांचा रोजचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतच गेला. ‘अमुक उत्पन्नानंतर पैशाने आनंद वाढत नाही’ हा जुना समज सर्वांना लागू नाही, हे त्यातून दिसलं. ज्याच्याकडे रेशन नाही त्याला कृतज्ञतेवर व्याख्यान देऊ नये. रेशन द्यावं.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन ना?

नाही. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी दाखवलं की मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नाहीसं केलेले उंदीरही तोंडात साखर गेली की आवडीने जीभ फिरवतात. ती मिळवायला मात्र जागचे हलत नाहीत. डोपामिन हवंहवंसं वाटण्याशी जोडलेलं आहे, आवडण्याशी नाही. मोबाइल खाली ठेवता येत नाही, पण तासाभराने मन भरलेलंही नसतं, तो अनुभव हाच.

वारीला जाऊन आलेले लोक वर्षभर त्याच आनंदात असतात. त्यावर अभ्यास आहे का?

प्रयागच्या माघ मेळ्यावर आहे. श्रुती तिवारी, स्टीफन रायकर आणि सहकाऱ्यांचं हे काम २०१२ मध्ये आलं. थंडीत, नदीकाठी, गोंगाटात महिनाभर राहिलेल्या कल्पवासींचं स्वास्थ्य मेळ्यानंतर, घरीच राहिलेल्यांच्या तुलनेत, सुधारलेलं दिसलं. पायाला फोड आलेला वारकरी तरीही पुढच्या वर्षी निघतो, ते का हे यातून थोडं उमगतं.

रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, याने खरंच फरक पडतो?

काहींना पडतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्‌कलो यांचं २००३ चं काम आणि सेलिग्मन यांचा २००५ चा इंटरनेटवरचा प्रयोग, दोन्हींत फायदा दिसला. मात्र ड्युनिगन फोक आणि एलिझाबेथ डन यांनी २०२३ मध्ये अशा लोकप्रिय उपायांमागचे प्रयोग कठोर निकष लावून पाहिले, तेव्हा पुरेशी माणसं घेऊन, पद्धत आधी जाहीर करून केलेले प्रयोग फारच थोडे निघाले.

करून पाहायला हरकत नाही. रोज लिहायची सक्ती नको, त्याची शुद्धलेखनाची वही होते. आणि ‘कुटुंब, आरोग्य, देव’ असं मोघम लिहू नका. ‘बसमध्ये त्या मुलाने उठून जागा दिली’ असं लिहा.

मला डिप्रेशन आहे. लोक म्हणतात, आनंदी राहायला शिक.

त्या लोकांचं ऐकू नका. आनंद वाटेनासा होणं हे नैराश्याच्या आजाराच्या मुख्य लक्षणांपैकी एक आहे. पाय मोडलेल्याला चालायला सांगण्यासारखं ते आहे. आवडतं गाणं ऐकून काहीच वाटलं नाही, तर त्यात तुमची चूक नाही. या पानावरचं काहीही उपचारांची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांना भेटा, गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका. भारत सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. मराठीतही बोलता येतं.

वडील गेले. तेराव्याला काकांनी त्यांचा एक किस्सा सांगितला आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. नंतर फार अपराधी वाटलं.

वाटून घेऊ नका. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी जोडीदार गमावलेल्या माणसांशी, घटनेनंतर सुमारे सहा महिन्यांनी, गेलेल्या व्यक्तीबद्दल बोलणं केलं आणि त्यांचे चेहरे टिपले. बोलता बोलता जे खरं, डोळ्यांपर्यंत पोचणारं हसले त्यांचं दुःख पुढच्या काळात तुलनेने हलकं होत गेलं. त्यांचं प्रेम कमी होतं असं कुठेही दिसलं नाही.

सुझन फोकमन १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने मरणाऱ्या जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांचा अभ्यास करत होत्या. प्रश्न सगळे त्रासाबद्दलचे. थोड्याच दिवसांत ती माणसंच म्हणाली, तुम्ही आम्हाला चांगल्या क्षणांबद्दल का विचारत नाही? मग तो प्रश्न घातला गेला आणि जवळजवळ प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. कुणी खास जेवण रांधलं होतं, कुणाला मित्र भेटून गेला होता. दुःख तसूभरही कमी झालेलं नव्हतं, आणि तरी हेही होतं.

तुमच्या वडिलांचा तो किस्सा काकांना आणखी एकदा सांगायला लावा, आणि या वेळी लिहून घ्या.